यूकेत ट्रान्सप्लांटच्या फेलोशिपला यावं का?

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमसीएच (सर्जरीतली सर्वोच्च पदवी) झालंय, हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण शिकायला यूकेत यायचंय, सोबत मिसेस आणि सहा वर्षांची मुलगी. आम्ही आलो तेव्हा आमची लेकही सहाचीच होती, म्हणून लिहायला बसलो. व्हिसा, परीक्षा, फी सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

मोठ्यांची हृदयं बसवणारी केंद्रं इथे मोजून सहा, तेव्हा कन्सल्टंटच्या, म्हणजे कायम वरिष्ठ सर्जनच्या जागा किती असणार ते बघा. फेलोच्या, म्हणजे शिकायला आलेल्या सर्जनच्या वाट्याला मुख्यतः रिट्रीव्हल, दात्याचे अवयव काढून आणणं. रात्री एकला फोन येतो, कुठल्यातरी लांबच्या गावी जायचं. तिथे इन्सिजन घेण्याआधी सगळं थिएटर मिनिटभर स्तब्ध उभं राहतं. कधी नर्स दात्याच्या घरच्यांनी लिहून दिलेल्या दोन ओळी वाचते. रक्तपुरवठा थांबवणारा क्लॅम्प लागला की घड्याळ सुरू: बर्फातल्या हृदयाला साधारण चार तास, फुप्फुसांना थोडे जास्त. हात तयार होतो. पण परत आल्यावर ते हृदय बसवताना तुम्ही टेबलाच्या पलीकडे, असिस्टंट. मला पहिलं हृदय स्वतः शिवायला मिळालं चौथ्या वर्षी. लेफ्ट एट्रियमपासून, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली. क्लॅम्प काढल्यावर ते नुसतं थरथरत होतं, एक शॉक दिला आणि लयीत आलं. त्यासाठी मी पुन्हाही येईन.

निघण्याआधी लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या ऑपरेशन्सच्या नोंदवहीवर, सह्या मात्र घ्याच. मी कच्च्या वहीच्या भरवशावर आलो. इथल्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या अधिकृत यादीत, नाव येण्यासाठी केसेसचे पुरावे लागतात, पेशंटचं नाव खोडलेले आणि वर वरिष्ठांची सही. आमचे सर रिटायर झालेले, जुन्या डिपार्टमेंटने आठ महिने उत्तर दिलं नाही. गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट (डॉक्टरवर कारवाई नाही असं कौन्सिलचं पत्र) तीनच महिने चालतं, दुसरा कागद येईस्तोवर ते बाद. दीड वर्ष गेलं त्या फाइलीत.

एकटेपणाचं विचारलंत. कामात कळत नाही.

मुलीच्या शाळेचं मात्र अजून सलतं. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेल्या पोरीला गणिताच्या खालच्या गटात बसवलं, कारण उदाहरणाचं इंग्रजी तिला कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला. बायकोला पटलं नव्हतं. मी नाइट करून आलो होतो, म्हटलं, त्यांना जास्त कळतं. वर्षभरात ती वरच्या गटात गेली. आज सोळाची आहे. व्हिडिओ कॉलवर ‘आजी, बरी आहेस?’ एवढं म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. आई विचारते, ‘पोर माझ्याशी बोलत का नाही रे?’ मी नेटवर्कचं कारण सांगतो. तो निर्णय माझा होता, शाळेचा नव्हे.

तुम्ही दोन वर्षं ठरवून या आणि परत जा. हे काम आपल्याकडेही होतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाऊनला सर्जन बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा माणसाचं हृदय माणसाला बसवल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, प्रत्यारोपण केलं होतं. पेशंट काही तासांतच गेला. तिथेच २०२४ मध्ये पुन्हा झालं. चेन्नईत तर नियमित होतात. मी निघालो तेव्हा मुंबईत फारसं कुणी करत नव्हतं, आणि पुढे वाढलं तेव्हा ‘अजून एक वर्ष’ म्हणत मी इथेच राहिलो.

आणि शाळा काहीही म्हणो, घरात मराठीच बोला. लॉगबुकच्या सह्यांचा नमुना हवा असेल तर सांगा, पाठवतो.