‘डिमॉरलाइझ’ म्हणजे नुसते ‘निराश करणे’ नव्हे

‘डिमॉरलाइझ’ या इंग्रजी क्रियापदासाठी ‘निराश करणे’ हा अर्थ पुरेसा आहे का आणि त्याच्या जागी ‘डिसकरेज’ चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींत अर्थाची मुख्य छटा निसटते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या फुटबॉल संघावर सुरुवातीलाच दोन गोल झाले, तर पाठीराखे निराश होतात. परंतु त्यानंतर बचावफळीतील खेळाडू चेंडूमागे धावायचे सोडून एकमेकांवरच हातवारे करू लागले, तर तो संघ ‘डिमॉरलाइझ’ झाला असे म्हणता येईल. झुंजण्याची उमेदच खचवणे हा या क्रियापदाचा गाभा असल्यामुळे ते सैन्य, संघ, कर्मचारी अशा समूहांविषयी बरेचदा येते. एकट्या माणसाविषयीही अर्थातच चालते. मराठीत ‘मनोधैर्य खचवणे’ किंवा ‘नाउमेद करणे’ हे त्याला सर्वांत जवळचे आहे. वर्तमानपत्रांचे लाडके ‘खच्चीकरण करणे’ अर्थाने जुळते खरे, पण त्यामागे बैल खच्ची करण्याची क्रिया आहे, म्हणून अर्ज-निवेदनांत मी ते टाळतो.

हे क्रियापद अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचवरून इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ ‘नीती बिघडवणे’ असा होता आणि नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशातही तोच दिलेला आहे. त्यामुळे त्या काळचा मजकूर वाचताना ‘नाउमेद करणे’ हा अर्थ सरसकट लावू नये.

‘डिसकरेज’चा एक अर्थ ‘हिरमोड करणे’ असला, तरी दुसरा ‘परावृत्त करणे’ हा आहे. पंचगंगेला पूर आला की पोलीस लोकांना घाटावर जाण्यापासून परावृत्त करतात, त्यात कोणाचेही मनोधैर्य खचत नाही. तेथे ‘डिसकरेज’च हवे, आणि त्यापुढे ‘टू गो’ नव्हे, तर ‘फ्रॉम गोइंग’ येते.

आपल्याकडे सर्रास होणारी चूक मात्र वेगळीच आहे. ‘मी खचलो आहे’ यासाठी ‘आय ॲम डिमॉरलाइझिंग’ असे लिहिले जाते, त्याचा अर्थ ‘मी इतरांना खचवतो आहे’ असा होतो. खचलेल्यासाठी ‘डिमॉरलाइझ्ड’ आणि खचवणाऱ्या पराभवासाठी किंवा शेऱ्यासाठी ‘डिमॉरलाइझिंग’ वापरावे.