अमेरिकेत घरात उरलेली काडतुसं दुसऱ्या राज्यातल्या मित्राला विकून पार्सलने पाठवता येतात का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओहायोत राहता, ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल विकून टाकलं आणि ९ एमएमची हजारेक काडतुसं कपाटात पडून आहेत. कॅलिफोर्नियातला कॉलेजचा मित्र ती विकत घ्यायला तयार आहे, तर पोस्टाने पाठवू का, असा प्रश्न आहे.

पोस्टाने अजिबात नको. अमेरिकेच्या टपाल खात्याला एक काडतूससुद्धा चालत नाही, आत काय आहे ते खरं सांगितलं तरी नाही.

खासगी कुरिअरचा मार्ग आहे, पण त्याआधी सांगा, मित्र कोणत्या व्हिसावर आहे? आपल्या मंडळींत नेमकं हेच विचारायचं राहून जातं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे कायद्याच्या लेखी 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे तात्पुरते आलेले. अशा माणसाला बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवायलाही केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि हे ठाऊक असून त्याला विकलंत तर तुमच्यावरही गुन्हा होतो. यातून सुटायची नेहमीची वाट म्हणजे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. तो असेल तर त्याची प्रत मागून घ्या. जुन्या मित्राकडे कागद मागताना अवघडल्यासारखं होतं खरं, पण इथे भीड ठेवू नका.

व्हिसाचं निस्तरलं तरी कॅलिफोर्निया आहेच. २०१८ पासून तिथे दोन खासगी माणसांमधला काडतुसांचा व्यवहारही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करायचा असा नियम आहे. म्हणजे पार्सल मित्राच्या दारात नाही, दुकानाच्या पत्त्यावर जाणार. या नियमांवर कोर्टकज्जे चालू आहेत, त्यामुळे पाठवण्याआधी मित्राने तिथल्या दुकानदाराला फोन करून आजची स्थिती विचारावी. दुकानदार बाहेरून आलेलं पार्सल घेईल की नाही, तेही त्याच फोनवर कळेल.

आता कुरिअर. फेडएक्स असला माल धोकादायक माल पाठवण्याची मंजुरी असलेल्यांकडूनच घेते, म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी बंदच. राहिली यूपीएस. त्यांच्या कोपऱ्यावरच्या स्टोअरमध्ये हे घेत नाहीत. खातं काढून मोठ्या कस्टमर सेंटरला विचारा, कारण कंपनीचे नियम कायद्याहून कडक असतात आणि मधूनमधून बदलतात. परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात काडतुसं पाठवताना आत काय आहे हे वाहतूकदाराला लेखी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. दुकानाला पाठवत असलात तरी कळवा, लपवून काही साधत नाही.

बांधणी सोपी आहे. काडतुसं कंपनीच्या मूळ डब्यांतच राहू द्या, आतल्या खाचांमुळे मागच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेट घेणाऱ्या टोपीवर, काही आपटत नाही. झिपच्या पिशवीत सुटी ओतून पाठवायची नाहीत. बाहेरचं खोकं जाड हवं आणि एकूण वजन ३० किलोच्या आत. हजार काडतुसं साधारण १२ किलो भरतात, तेव्हा एका खोक्यात मावतील, मात्र तळाला टेप दुहेरी मारा. खोक्यावर 'लिमिटेड क्वांटिटी'चा, म्हणजे मर्यादित प्रमाणातल्या धोकादायक मालाचा, शिक्का लागतो: टोकावर उभा चौकोन, वरचं आणि खालचं टोक काळं, मधला भाग पांढरा, बाजू १०० मिलिमीटर. मध्ये इंग्रजी वाय असलेला शिक्का विमानाने जाणाऱ्या मालाचा, तो लावू नका, तुमचं पार्सल रस्त्याने जाणार आहे. जुनं खोकं वापरणार असाल तर त्यावरची 'ओआरएम-डी' ही अशा मालाच्या जुन्या खुणेची अक्षरं झाका, ती पद्धत २०२१ च्या सुरुवातीलाच बंद झाली.

उरलेली काडतुसं विकायला केंद्रीय परवाना लागत नाही, ती अट १९८६ मध्ये गेली. चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, आणि घरी भरलेली काडतुसं विकण्यासाठी बनवत असाल तर उत्पादकाचा परवाना लागतो.

मला विचाराल तर हा खटाटोप करू नका. कुरिअर आणि दुकानदाराची फी धरली तर मित्राला तिथेच नवी घेणं परवडेल. तुमच्या गावातल्या गन शॉपला विचारा, किंवा नेमबाजीच्या रेंजवर ओळखीच्या स्थानिक माणसाला द्या.

एक जाता जाता. रेंजला नेत होतात ती बॅग भारतात जाताना वापरणार असाल तर सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं, या मुद्द्यावर कोर्टाने अशी प्रकरणं रद्द केलेली आहेत, पण तोवर वकील आणि तारखा तुमच्या मागे लागतात आणि सुट्टी त्यातच जाते.