इटलीतील व्हेरोनाच्या खुल्या अरेनात (प्राचीन रोमन प्रेक्षागारात) ऑपेरा पाहण्यासाठी दहा जणांच्या सहलीची आखणी कशी करावी?

आधी प्रयोगाची तारीख ठरवून सर्वांची तिकिटे एकत्र काढावीत. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येत असल्यामुळे तोही लांबणीवर टाकू नये. मुक्काम मात्र व्हेरोनातच करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण प्रयोग रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन बहुधा मध्यरात्रीनंतर संपतात आणि तेव्हा व्हेनिस किंवा मिलानला परतायला गाडी मिळणे कठीण असते. दगडी पायऱ्यांवरच्या जागा स्वस्त असतात, पण उन्हाने तापलेल्या त्या पायऱ्यांवर पाठ टेकायला काहीच नसते, म्हणून गटातील ज्येष्ठांसाठी खालच्या खुर्च्या घ्याव्यात आणि इतरांनी उशी न्यावी. सुरू झालेला प्रयोग पावसाने थांबला, तर पैसे परत मिळत नाहीत.