दिनविशेष: 25 जूनचा घोळ आणि इतर प्रश्न

जून लागला की 25 तारखेबद्दल तेच प्रश्न परत यायला लागतात, त्यामुळे यावेळी एकत्रच उत्तरं देतोय. काही प्रश्न दुसऱ्या तारखांचे आहेत पण घोळ तोच, म्हणून तेही घेतलेत.

सर, कपिल देवने 175 धावा 1983 च्या फायनलमध्येच केल्या ना?

नाही. त्या 18 जूनला, टनब्रिज वेल्सला, झिम्बाब्वेविरुद्ध. फायनलमध्ये आपल्या अख्ख्या टीमच्या 183 होत्या.

आणीबाणी 25 जूनला लागली की 26 ला? दोन्ही वाचलंय.

राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली ती 25 जून 1975 च्या रात्री, मध्यरात्र व्हायच्या थोडं आधी. मंत्रिमंडळाला कळलं 26 ला सकाळी, आणि इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या त्याही 26 ला सकाळीच. म्हणजे बहुतेक लोकांना आणीबाणी कळली 26 ला, आणि त्यांच्या आठवणीत तीच तारीख बसली. तुम्ही "25 जून 1975, रात्री घोषणा" असं लिहा, वाद मिटतो. शोधनिबंधात वापरणार असाल तर मात्र माझ्यावर विसंबू नका, लायब्ररीत जाऊन त्या आठवड्याचं राजपत्र आणि पेपर स्वतः बघा.

25 जून 1932 ला लॉर्ड्सवर भारताची पहिली टेस्ट आणि 25 जून 1983 ला लॉर्ड्सवरच वर्ल्डकप! हा अंकांचा योग आहे असं एका ज्योतिषाने सांगितलं, आणि माझ्या जन्मतारखेचा असाच रिपोर्ट पैसे घेऊन करून देतो म्हणाला. घेऊ का?

घेऊ नका. दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि त्या एका तारखेला आल्या याचा आनंद मलाही दरवर्षी होतो, पण त्यात योग वगैरे काही नाही. इंग्लंडमध्ये क्रिकेट उन्हाळ्यात होतं, मोठ्या मॅचेस लॉर्ड्सवर होतात, दोन्ही वेळा शनिवार होता. एवढ्यावर तारीख जुळायला वाव भरपूर आहे. आणि 1932 ची ती टेस्ट आपण 158 धावांनी हरलो होतो, सी. के. नायडू कॅप्टन होते, 25 ला सुरू होऊन 28 ला संपली. हरलेली मॅच योगात कशी बसवली ते त्या ज्योतिषालाच विचारा. "तुमच्या जन्मदिवशी जगात काय घडलं" अशा फ्रेम विकणारेही तेच करतात, कुठल्याही तारखेला दहा चांगल्या घटना सापडतात, त्या उचलायच्या आणि बाकीच्या गाळायच्या.

कोरियन युद्ध 24 जूनला सुरू झालं की 25?

25 जून 1950, पहाटे. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा 24 ची दुपार होती. घटना जिथे घडली तिथलीच तारीख धरायची.

एका ॲपमधे शिवाजी महाराजांची जन्मतारीख 1 मार्च 1630 दाखवतात. मग 19 फेब्रुवारी चुकीची का? आमच्या ग्रुपवर भांडणं झाली.

चुकीची नाही, आणि हा प्रश्न मला फार छळतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. जेधे शकावलीतली (म्हणजे जेधे घराण्याकडच्या, तिथीवार घटनांच्या जुन्या यादीतली) नोंद आहे शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया. ती तिथी जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये बसवली की 19 फेब्रुवारी येते, आणि आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये बसवली की 1 मार्च. दिवस एकच आहे. इंग्रजांनी 1752 पर्यंत जुनं कॅलेंडर सोडलं नव्हतं, सुरतेच्या वखारीची पत्रं त्याच तारखांची, म्हणून शिवकाळातल्या तारखा तशाच द्यायचा प्रघात पडला. राज्याभिषेकाची 6 जून 1674 पण जुनीच, नवीन हिशोबाने 16 जून. उलट पोर्तुगालने 1582 मध्येच नवीन कॅलेंडर घेतलं होतं, त्यामुळे एकाच घटनेवर गोव्याचं पत्र आणि सुरतेचं पत्र यांत दहा दिवसांचा फरक दिसतो, आणि कुणीतरी घाईत त्याच्या दोन वेगवेगळ्या घटना करून टाकतो!

खरा धोका अर्धवट दुरुस्तीचा आहे. ॲपवाले एक तारीख कन्व्हर्टरमध्ये टाकून बदलतात, पुढची तशीच ठेवतात, आणि लिस्ट अशी खिचडी होते की कुठली तारीख कुठल्या कॅलेंडरची ते कळायला मार्गच राहात नाही. मला एकाने पानिपतच्या तारखेतही दिवस मिळवून पाठवले होते. अहो, 14 जानेवारी 1761 ही 1752 नंतरची आहे, ती आधीच नवीन कॅलेंडरची आहे, तिला हात लावायचा नाही! आणि "संक्रांतीच्याच दिवशी पानिपत झालं" हेही थांबवा, संक्रांत हळूहळू पुढे सरकत आलीये, त्या साली ती चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. युद्धाची तिथी पौष शुद्ध अष्टमी.

म्हणून जुनी तारीख लिहिताना सोबत शक, महिना, तिथी लिहाच. आणि ग्रुपवर भांडण्यापेक्षा कालगणना कळणाऱ्या अभ्यासकाला गाठा.

सर अर्जंट! उद्या 25 जून, शाळेच्या फळ्यासाठी जयंत्यांची लिस्ट आलीये, बरोबर आहे का? लुई माउंटबॅटन, सुचेता कृपलानी, व्ही. पी. सिंग, राजर्षी शाहू महाराज.

पहिले तीन बरोबर, साल अनुक्रमे 1900, 1908 आणि 1931. शाहू महाराज 26 जून 1874, ते परवाच्या फळ्यावर. काही फॉरवर्डमध्ये त्यांचा जन्म 26 जुलै लिहितात, तेही नको, 26 जुलै 1902 ला त्यांनी कोल्हापूर संस्थानात 50 टक्के आरक्षणाचा आदेश काढला, ती वेगळी नोंद आहे. पण बाई, आदल्या रात्री कशाला विचारता? तारीख काही अचानक येत नाही. चूक फळ्यावर गेली की चाळीस मुलांच्या वहीत जाते आणि तिथून पुसता येत नाही. निदान आठवडाभर आधी यादी शाळेच्या नाहीतर गावातल्या ग्रंथपालांना दाखवत जा.

वडिलांची शाळेतली जन्मतारीख 1 जून आहे. आत्या म्हणते नागपंचमीच्या आदल्या दिवशी, गांधीजी गेले त्या वर्षी. खरी कशी काढायची?

आत्याचं धरा. 1 जून ही असंख्य लोकांना मास्तरांनी दिलेली तारीख आहे, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि प्रवेशापुरतं वय बसवायचं असायचं. गांधीजी गेले 1948 ला, त्या वर्षीची नागपंचमी ऑगस्टमध्ये होती. शके 1870 चं छापील पंचांग मिळवा, मोबाईलवरचं नको, आणि जाणकाराकडून तारीख काढून घ्या. गावच्या जन्मनोंदीत काही सापडतंय का तेही बघा. वाढदिवस खुशाल त्या तारखेला करा. पेन्शनच्या किंवा बँकेच्या कागदांवरची तारीख मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बदलायला जाऊ नका, आणि आत्या आहे तोवर तिला अजून काय आठवतंय ते याच आठवड्यात लिहून घ्या.