काँग्रेस 'भरते' की 'असते'?

प्रश्न असा आला आहे : "मुलगी नववीत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या एका पुस्तकात '१७७४ साली फिलाडेल्फियात काँग्रेस भरली' असं वाक्य होतं. तिनं लगेच विचारलं, काँग्रेस तर १८८५ ला मुंबईत सुरू झाली ना? आणि 'भरली' म्हणजे काय, काँग्रेस म्हणजे जत्रा आहे का? काय सांगू?"

तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

मराठीत जत्रा भरते, बाजार भरतो, शाळा भरते, सभा भरते. पक्ष मात्र भरत नाही. तो स्थापन होतो, फुटतो, विलीन होतो. म्हणजे जे ठरलेल्या वेळी जमतं आणि मग पांगतं, त्याला 'भरणे'. अठराव्या शतकात काँग्रेस हा शब्द नेमका अशाच गोष्टीचा होता. मूळ लॅटिन, 'एकत्र पावलं टाकत येणं'. आपल्याकडे सम्, आ आणि गम् मिळून 'समागम' होतो, तसाच. (गंमत म्हणजे समागमाला मराठीत जो दुसरा, खाजगी अर्थ आहे, तो जुन्या इंग्रजीत काँग्रेसलाही होता. हे नववीतल्या मुलीला सांगायची गरज नाही.)

पण नुसतं जमणं म्हणजे काँग्रेस नव्हे. युरोपात हा शब्द मुख्यतः वेगवेगळ्या राज्यांचे प्रतिनिधी तहाच्या किंवा मसलतीच्या निमित्तानं एकत्र बसत, त्या बैठकीला वापरत. पेशवाईतला शब्द घ्यायचा तर वकिलांची बैठक. वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत. निजामाच्या दरबारी पुण्याचा जो असे, तो वकील. तो आपल्या धन्याच्या वतीनं बोलतो, स्वतः कायदे करत नाही.

आता १७७४ कडे या. बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या चिडलेल्या लोकांनी समुद्रात फेकल्या त्या १६ डिसेंबर १७७३ ला. शिक्षा म्हणून इंग्लंडनं बंदर बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेला कात्री लावली. तेव्हा अमेरिकेतल्या इंग्लंडच्या तेरापैकी बारा वसाहतींनी (जॉर्जियानं माणूस पाठवला नाही) आपापले प्रतिनिधी फिलाडेल्फियाला धाडले. ५ सप्टेंबरला ते सुतारांच्या संघटनेनं बांधलेल्या सभागृहात बसले. व्हर्जिनिया केवढी मोठी, डेलावेअर केवढीशी. पण मत प्रत्येक वसाहतीला एकच. माणसं मोजायची नव्हती, वसाहती मोजायच्या होत्या. त्यांनी स्वतःला पार्लमेंट म्हटलं नाही, कारण पार्लमेंट म्हणजे सार्वभौम सत्ता आणि ती लंडनला होती; तिच्याशीच तर भांडण होतं. काँग्रेस या शब्दात तसा कसलाच दावा नव्हता. वसाहतींनी वकील पाठवले, ते भेटले, इंग्लंडच्या मालावर बहिष्काराचा करार केला आणि ऑक्टोबरअखेर घरी गेले. त्यातले जॉन अ‍ॅडम्स, पॅट्रिक हेन्री असे बरेच जण आजच्या अर्थानंही वकीलच होते, हा निव्वळ योगायोग.

म्हणून पुस्तकातलं 'भरली' हे क्रियापद अगदी बरोबर आहे. अनुवादकाला शंभरपैकी शंभर.

पुढं घोळ झाला तो असा. मे १७७५ मध्ये काँग्रेस पुन्हा भरली आणि लढाई सुरू झालेली असल्यानं पांगायला सवडच मिळेना. सैन्य उभारणं, नोटा छापणं, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, सगळं तिनंच केलं. तरी कर बसवायचा हक्क नाही. राज्यांपुढं हात पसरायचा. १७८७ ची राज्यघटना आली तेव्हा खरोखरीचं कायदेमंडळ निर्माण झालं, दोन सभागृहांचं, कर बसवणारं. पण नाव जुनंच ठेवलं. लहानमोठ्या प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोनच जागा असतात, त्यात मला ती वकिलांची बैठक अजून दिसते.

'प्रेसिडेंट'चंही तसंच. १७७४ चा प्रेसिडेंट म्हणजे पेटन रँडॉल्फ, आणि त्याचं काम सभा चालवणं एवढंच. लॅटिनमध्ये 'पुढं बसणारा'. त्यामुळे मराठीतला 'अध्यक्ष' तिथं चपखल बसतो. पुढं हीच पदवी देशाचा पहिला प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन याला दिली तेव्हा १७८९ मध्ये सिनेटमधल्या काहींना ती फारच साधी वाटली, कोणत्याही मंडळाच्या अध्यक्षासारखी. त्यांनी आगेमागे भारदस्त बिरुदं लावून पाहिली, ती टिकली नाहीत. तेव्हा अमेरिकेच्या बाबतीत मी 'राष्ट्रपती' टाळतो. 'राष्ट्राध्यक्ष' किंवा नुसतं 'अध्यक्ष' लिहितो.

आता १८८५ ची आपली काँग्रेस. ही सभा आधी पुण्यात भरायची होती, कॉलऱ्यामुळे मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवली. ७२ प्रतिनिधी आले. सुरुवातीला 'युनियन' म्हणून घाटत होती, तिची काँग्रेस झाली. प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी, वर्षातून एकदा, डिसेंबरात, दर वेळी नव्या गावी : म्हणजे ही काँग्रेसही भरायचीच! १८९५ ला ती पुण्यात भरली, १९०७ ला सुरतेत भरली आणि उधळली. जुन्या मराठीत तिला 'राष्ट्रीय सभा' म्हणत, आणि त्या 'सभा'मध्ये मूळ अर्थ जिवंत होता. काँग्रेसचा पक्ष झाला, आणि अर्थ निसटला. आज 'काँग्रेस भरली' म्हटलं तर पोरं हसतात.

लेकीला सांगा, दोन्ही वाक्यं खरी आहेत. शब्द एक, सभा दोन. आणि लिहिताना काय करावं? १७७४ साठी मी 'कॉन्टिनेन्टल काँग्रेस' लिहितो. 'खंडीय काँग्रेस' वाचलं की मला धान्याची खंडी आठवते. आजच्या बातमीत मात्र 'अमेरिकी संसद' बरं. कारण 'काँग्रेसनं निधी अडवला' असा मथळा वाचून आमच्या शेजारच्या काकांनी एकदा दिल्लीतल्या नेत्यांचा पाऊण तास उद्धार केला होता. बातमी वॉशिंग्टनची होती, तिसऱ्या ओळीत कळलं.

हेच काका परसातलं गाजर गवत उपटताना त्याला 'काँग्रेस गवत' म्हणतात. ते मूळचं अमेरिका खंडातलं. तिकडून मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात. नाव मात्र त्याला आपल्या काँग्रेसवरून पडलं म्हणतात. कुणी म्हणतं फुलं पांढऱ्या टोप्यांसारखी, कुणी म्हणतं तेव्हा राज्य त्यांचं.