वाचकांचे प्रश्न : नाणे वाकवण्याचे खिशातले अवजार

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हातचलाखीचे प्रयोग करतो. एका अमेरिकी जादूगाराच्या चित्रफितीत त्याने प्रेक्षकाच्या मुठीतले ‘क्वार्टर’, म्हणजे पाव डॉलरचे नाणे, वाकलेले दाखवले. मी घरी २ रुपयांच्या नाण्यावर पकडीने प्रयत्न केला, तेव्हा पकड दोनदा निसटली, नाण्यावर दात उमटले आणि नाणे जेमतेम हलले. खिशात मावेल असे अवजार घरी बनवता येईल का? – एक विद्यार्थी वाचक, सांगली

उत्तर : अवजार बनवता येते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही, परंतु त्याआधी आपल्या हातातले नाणे खाली ठेवावे. भारताच्या २०११ च्या नाणे अधिनियमाप्रमाणे चलनातले नाणे वितळवणे, नष्ट करणे किंवा देवाणघेवाणीखेरीज अन्य कामासाठी वापरणे निषिद्ध आहे. विद्रूप केलेले नाणे जवळ बाळगणेही त्यातच येते आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. अमेरिकेतला कायदा फसवणुकीच्या हेतूने नाण्यात फेरफार करण्यास मनाई करतो, त्यामुळे तिथले जादूगार बिनधास्तपणे खरे नाणे वाकवतात. त्यांचे अनुकरण आपल्याकडे करता येत नाही.

दुसरी अडचण धातूची आहे. अमेरिकी क्वार्टर २४.२६ मिलिमीटर व्यासाचे आणि १.७५ मिलिमीटर जाडीचे असते. त्याचा गाभा तांब्याचा असून वरच्या थरात तांबे व निकेल यांचा मिश्रधातू असतो, म्हणजे एकंदर ते तांब्याचेच म्हणावे लागेल. आपले २ रुपयांचे नाणे स्टेनलेस स्टीलचे असते. ते वाकायला कठीण असते आणि जोर काढताच थोडे पूर्वपदावरही येते. आपली पकड निसटली यात आपल्या मनगटाचा दोष नाही.

म्हणून १६ गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून २५ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या कापून घ्याव्यात. लेथचे काम करणारा कारागीर त्यांच्या कडा गोल करून देईल. चकतीवर स्वतःचे चिन्ह ठोकून घेतल्यास ती जादूगाराची मोहोर म्हणून शोभते आणि प्रेक्षक ती खोटे नाणे म्हणून तपासत बसत नाहीत. चलनी नाण्याची हुबेहूब नक्कल मात्र करू नये.

आता अवजाराकडे वळू. नुसत्या बोटांनी चकती वाकवताना आपला जोर मध्यरेषेपासून जेमतेम १० मिलिमीटर अंतरावर पडतो. तीच चकती १०० मिलिमीटर लांबीच्या दांड्यात धरली, तर दहाव्या हिश्शाचा जोर पुरतो. पकडीतही दांडा असतो, पण तिचे दात चकतीला दोन-चार बिंदूंवरच धरतात, म्हणून ती निसटते आणि ओरखडे उठतात. चकती पूर्ण रुंदीभर धरणारी खाच हाच या अवजाराचा जीव आहे.

खाच करवतीने कोरण्याच्या भानगडीत पडू नये. ती वाकडी जातेच. २५ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे १०० मिलिमीटर लांबीचे चार तुकडे घ्यावेत. चकत्या ज्या पत्र्यातून कापल्या, त्याच पत्र्याचे तेवढ्याच रुंदीचे, पण ९० मिलिमीटर लांबीचे दोन तुकडे कापावेत. दोन लोखंडी तुकड्यांच्या मध्ये एक पितळी तुकडा, एका टोकाला सर्व कडा जुळवून ठेवला की दुसऱ्या टोकाला १० मिलिमीटर खोल खाच आपोआप तयार होते आणि तिची रुंदी चकतीच्या जाडीएवढीच राहते. पितळी तुकड्याबरोबर जाड कागदाची एक पट्टी घातली की चकती आत-बाहेर करण्यापुरती ढील मिळते. मग ५ मिलिमीटरचे दोन बोल्ट आरपार घालून घट्ट आवळावेत. त्यांपैकी एक खाचेच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असायलाच हवा, नाहीतर जोर येताच खाच फाकते. असे दोन दांडे झाले की अवजार झाले. दोन्हींचे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. जोडून ठेवले तर पँटच्या खिशात सहज मावतात.

खाचेच्या तोंडाच्या आतल्या कडा कानशीने गोल करून पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्यास अर्धा तास गेला तरी चालेल. चकतीवर उठलेली एक सरळ रेघ पाहून मागच्या रांगेतला पोरसुद्धा ‘पकडीने वाकवलंय’ असे ओरडतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

चकती दोन्ही खाचांत पूर्ण सारली की मध्ये ५ मिलिमीटर जागा मोकळी राहते. ऊस मोडावा तसे दोन्ही दांडे एकसारखे खाली दाबावेत, झटका देऊ नये, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. २० ते २५ अंशांचा बाक पुरेसा असतो. पुठ्ठ्याचा त्या कोनाचा तुकडा कापून जवळ ठेवल्यास सगळ्या चकत्या एकसारख्या होतात.

प्रयोगात एक चकती आधीच वाकवून तळहातात दडवणे सर्वांत सोपे. प्रेक्षकाची सही असलेली चकती वाकवायची असेल तरच अवजार सोबत लागते, आणि तेव्हाही टेबलाची आड हवी. याहून अधिक लिहिले तर जादूगार मंडळी रागावतील.

प्रश्न : वाकलेली चकती सरळ करून पुन्हा वापरली, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी तिला चीर जाते. असे का होते? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पितळ वाकवले की त्या रेषेवर कठीण होते आणि कठीण झालेला भाग पुन्हा वाकवला की ठिसूळपणे तडकतो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकताना ते मधूनमधून भट्टीत का घालतात, याचे उत्तर हेच आहे. दोनदा वापरलेली चकती मोकळ्या हवेत, मंद लाल दिसेपर्यंत तापवून गार होऊ द्यावी. त्याहून जास्त तापवल्यास पितळातल्या जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत जाणे वाईट. धरलेला काळा थर चिंचेच्या कोळाने निघतो. खरे तर नवी चकती इतकी स्वस्त पडते, की सही केलेली चकती प्रेक्षकाला भेट देऊन टाकावी.