नकार किती वेळात आला, ते आधी पाहा

प्रश्न : पदवीनंतर सहा महिने एका लहान संस्थेत हिशेबाचं काम केलं. गेले तीन महिने ऑनलाइन अर्ज भरतेय, सत्तर तरी झाले असतील. बहुतेक ठिकाणांहून काहीच कळत नाही. काही ठिकाणी अर्ज पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांत ‘आपली निवड होऊ शकली नाही’ असा मेल येतो. सीव्ही अपलोड करूनही तीच माहिती पुन्हा रकान्यांत भरा, त्यात मध्येच पान बंद पडतं. दोन कंपन्यांनी व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. ‘मी कधीच खोटं बोलत नाही’ असली शंभरेक विधानं होती. दोन्हीकडून पुढे बोलावणं आलं नाही. मैत्रीण म्हणते, सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ टाकायचं. माझ्या स्वभावातच काही खोट आहे का? आणि दुसऱ्या ईमेलने तीच चाचणी पुन्हा दिली तर चालेल का?

उत्तर : खोट नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, तुझ्याच आकड्यांवरून दिसतंय. सत्तरपैकी दोनच ठिकाणी तू चाचणीपर्यंत पोचलीस. उरलेल्या ठिकाणी तुझा स्वभाव कोणी पाहिलेलाच नाही. तिथे अडलं ते फॉर्मच्या एखाद्या रकान्यात, सीव्हीच्या मांडणीत, नाहीतर ती जागा आधीच भरलेली असण्यात. यातलं नेमकं काय झालं, हे बऱ्याचदा नकार किती वेळात आला त्यावरून ओळखता येतं.

पाच-दहा मिनिटांत आलेला नकार बहुधा माणसाने दिलेला नसतो. तुझा सीव्ही कमकुवत ठरला असाही त्याचा अर्थ नाही. फॉर्ममध्ये काही प्रश्न ‘अट’ म्हणून लावलेले असतात: किमान किती वर्षांचा अनुभव आहे, अमुक सॉफ्टवेअर येतं का, रात्रपाळी चालेल का, दुसऱ्या शहरात जायची तयारी आहे का, रुजू कधी होऊ शकाल, पगाराची अपेक्षा किती. यातल्या एकाचं उत्तर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की यंत्रणा अर्ज बाजूला काढते. सीव्ही उघडलाही जात नाही. तुझ्या बाबतीत मला सर्वांत जास्त शंका येते ती अनुभवाच्या रकान्याची. सहा महिने म्हणजे अर्ध वर्ष. पण अनेक फॉर्म पूर्णांकच घेतात आणि मग आपण शून्य टाकतो. महिने लिहायची सोय असेल तर ६ महिने लिही. नसेल आणि पदवीच्या काळात हिशेबाची इंटर्नशिप केली असेल, तर तीही धरून बेरीज कर. तो अनुभव खराच आहे. मात्र न केलेलं काम धरू नकोस, कारण पडताळणीत तारखा विचारल्या जातात. पगाराच्या रकान्यात ० किंवा १ टाकून सुटका होत नाही, काही ठिकाणी तो आकडा तसाच गाळणीत जातो. जाहिरातीत पगाराची कक्षा दिली असेल तर तिच्या मधला आकडा टाक आणि ‘चर्चेस तयार’ हे मोकळ्या मजकुराच्या जागेत लिही.

आठवड्याभराने किंवा त्यानंतर आलेला नकार बहुधा माणसाने यादी पाहून दिलेला असतो. तिथे सीव्ही सुधारायला जागा आहे. महिना उलटूनही काहीच उत्तर नसेल तर जाहिरात जुनी असण्याची शक्यता मोठी. नोकरीच्या संकेतस्थळांवर जागा भरल्यावरही जाहिराती लटकत राहतात. म्हणून अर्ज भरण्याआधी तीच जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते बघ, आणि असेल तर तिथूनच अर्ज कर. पहिल्या आठवड्यात आलेल्या अर्जांतूनच मुलाखतीची यादी तयार झाली, असंही पुष्कळदा होतं.

यंत्र परस्पर सीव्ही फेकून देतं अशी भीती सगळीकडे पसरलेली आहे. ती बरीचशी अवाजवी आहे. बहुतेक अर्ज-यंत्रणा सीव्ही साठवतात, त्यातला मजकूर उचलून रकान्यांत बसवतात आणि भरती करणाऱ्या माणसाला शोध घेऊ देतात. तुझं नुकसान होतं ते या उचलण्यात. दोन स्तंभांची मांडणी असेल तर डावी-उजवीकडच्या ओळी एकमेकींत मिसळतात. फोन आणि ईमेल पानाच्या अगदी वरच्या शीर्षपट्टीत असतील तर काही यंत्रणा ते वाचतच नाहीत. टेबल, मजकुराच्या चौकटी, फोनचं चित्र, कौशल्यापुढचे पाच तारे यातलं काहीही नीट उचललं जात नाही. चित्र म्हणून जतन केलेली किंवा स्कॅन केलेली पीडीएफ तर कोरीच वाचली जाऊ शकते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. तुझा सीव्ही उघड, सगळा मजकूर निवडून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये चिकटव. मजकूर निवडताच येत नसेल तर फाइल चित्र आहे. क्रम विस्कटला असेल तर यंत्रणेलाही तो तसाच दिसणार. मग एकच स्तंभ, साधे मथळे (शिक्षण, अनुभव, कौशल्यं), प्रत्येक नोकरीपुढे महिना आणि वर्ष एकाच पद्धतीने, अशी मांडणी कर. ज्या भाषेत जाहिरात आहे त्याच भाषेत सीव्ही हवा आणि कामाची नावंही जाहिरातीतलीच हवीत. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ (आपल्या वहीतल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं) असेल आणि तू ते काम केलं असशील, तर ‘बँकेचे व्यवहार पाहिले’ असं लिहून भागत नाही. शोध घेणारा माणूस तोच शब्द टाकून शोधतो. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच अक्षरांत लपवण्याची युक्ती मात्र अजिबात वापरू नकोस. यंत्रणा साधा मजकूर दाखवते तेव्हा ते शब्द उघडे पडतात आणि तुझ्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

तीच माहिती पुन्हा भरण्याचा जाच खरा आहे, त्याला फाटा देता येत नाही. कमी मात्र करता येतो. एका फाइलमध्ये सगळं आधीच लिहून ठेव: प्रत्येक नोकरीच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पद, वरिष्ठांचं पद, काम सोडण्याचं एका ओळीतलं कारण (‘संस्था बंद झाली’ एवढं पुरे), परीक्षेतले गुण, आणि ‘ही नोकरी का हवी’ याचं सुमारे दीडशे शब्दांचं उत्तर, ज्यात कंपनीनुसार दोन-तीन वाक्यं बदलायची. मोठं उत्तर थेट फॉर्ममध्ये टाइप करू नकोस. काही वेळ हालचाल नसली की पान आपोआप बाहेर काढतं आणि लिहिलेलं सगळं जातं. सीव्हीवरून रकाने आपोआप भरले गेले असतील तर प्रत्येक रकाना वाच. संस्थेच्या नावाच्या जागी पद, पदाच्या जागी शहर असे घोळ तिथे नेहमी होतात आणि ते तुझ्या निष्काळजीपणाच्या खात्यावर जमा होतात. हिशेबाच्या कामाला हे फार महाग पडतं.

अर्ज पाठवल्यावर जाहिरातीचा मजकूर जतन कर, कारण मुलाखतीचा फोन येईपर्यंत ती जाहिरात काढलेली असते. एका तक्त्यात तारीख, पद, कोणता सीव्ही पाठवला आणि उत्तर किती वेळात आलं हे लिही. सत्तर अर्जांचा असा तक्ता आज तुझ्याकडे असता तर मला इतके अंदाज करावे लागले नसते. आणि अर्जासाठी, चाचणीसाठी किंवा ‘प्रशिक्षणासाठी’ पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणारी जागा नोकरी देणारी नाही. तिथून लगेच बाहेर पड.

आता चाचणी. ती काय मोजते हे कळलं की अर्धी भीती जाते. नोकरीसाठीच्या बऱ्याचशा गंभीर चाचण्या पाच गुणांभोवती बांधलेल्या असतात: काटेकोरपणा, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि नव्या गोष्टींबद्दलचा मोकळेपणा. प्रत्येक गुणाला अनेक विधानं असतात आणि ती चाचणीभर विखुरलेली असतात. काही मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. ‘मी कामं वेळेत संपवते’ हे एक, आणि चाळीस विधानांनंतर ‘कामं शेवटच्या क्षणापर्यंत राहून जातात’ हे दुसरं. मैत्रिणीच्या सल्ल्याप्रमाणे दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ टाकलंस तर दोन्ही उत्तरं एकमेकांना खोडतात. काही चाचण्या अशा विसंगती मोजतात आणि अहवालावर ‘उत्तरं विश्वासार्ह नाहीत’ असा शेरा येतो.

‘मी कधीच खोटं बोलत नाही’ हे विधान वेगळ्या कामासाठी असतं. ‘मला कधीच राग येत नाही’, ‘मी कोणाबद्दल कधी वाईट बोललेली नाही’ ही त्याची भावंडं. अशी विधानं कोणत्याच माणसाच्या बाबतीत पूर्ण खरी नसतात. त्यांना ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा स्वतःला फार उजळ करून दाखवतोय, असं चाचणी धरते. इथे ‘असहमत’ हेच खरं उत्तर आहे आणि ते देताना घाबरायचं कारण नाही. ‘ऑफिसातल्या छोट्या वस्तू घरी नेणं सगळेच करतात’ अशी प्रामाणिकपणाची विधानं मात्र वेगळी. तिथे ‘असहमत’ निःसंदिग्धपणे सांगायचं. तटस्थ राहिलं तर मुभा दिल्यासारखं दिसतं.

उत्तर देताना एक गोष्ट सतत मनात ठेव: विधान कामावरच्या तुझ्याबद्दल आहे. घरी कपाट आवरायला तू कंटाळत असशील, पण हिशेबाची पावती लावल्याशिवाय उठत नसशील, तर ‘मी नीटनेटकी आहे’ला उत्तर त्या पावतीच्या वेळच्या तुझं. हे खोटं बोलणं नाही. कंपनीला तेच जाणून घ्यायचं असतं, आणि कामाचा संदर्भ धरून दिलेली उत्तरं कामाबद्दल जास्त नेमकं सांगतात, असं संशोधनातही आढळलं आहे. सगळीकडे मधला पर्याय निवडू नकोस; त्यातून काहीच चित्र उभं राहत नाही. सगळीकडे टोकही गाठू नकोस. जे ठामपणे खरं आहे तिथे टोकाचा पर्याय आणि बाकी ठिकाणी त्याच्या एक पायरी आत, असं सहज उतरतं. पहिलं वाटलेलं उत्तर दे. एका विधानावर मिनिटभर विचार केला की आपण चाचणी घेणाऱ्याला काय आवडेल ते शोधू लागतो आणि मागच्या उत्तराशी मेळ तुटतो.

काही चाचण्यांत चार विधानं एकत्र देऊन ‘सर्वांत जास्त लागू’ आणि ‘सर्वांत कमी लागू’ निवडायला सांगतात. चारही चांगलीच असतात. इथे सगळं चांगलं दाखवता येऊ नये अशीच रचना असते, म्हणून युक्ती शोधत बसू नकोस. हिशेबाच्या पदासाठी अचूकता आणि नियम पाळणं यांना महत्त्व असणार हे उघड आहे. ते तुझ्यात खरोखर असेल तर वर येऊ दे, नसेल तर ते पदच तुला रोज त्रास देईल.

सरावासाठी विकतचे ‘उत्तरांचे संच’ घेऊ नकोस. लुईस गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेला ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ हा विधानांचा साठा सर्वांसाठी खुला आहे. त्यावर आधारलेली १२० विधानांची चाचणी इंटरनेटवर फुकट देता येते. ती एकदा दे, म्हणजे विधानांची धाटणी कळेल आणि आपला कल कुठे आहे तेही. चारित्र्याचा दाखला म्हणून तिच्याकडे पाहू नकोस.

कारण या चाचण्यांची ताकद मर्यादित आहे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्व प्रकारच्या कामांत सातत्याने उपयोगी ठरलेला गुण काटेकोरपणा होता, आणि त्याचाही कामगिरीशी सहसंबंध सुमारे ०.२२ निघाला. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकापैकी जेमतेम पाच टक्के भाग त्याने उलगडतो. हजारो अर्जदारांत कंपनीला त्याचा थोडा फायदा होतो. एका माणसाबद्दल निकाल द्यायला तो आधार अपुरा आहे. चार अक्षरांत माणूस बसवणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीबद्दल तर तिच्या प्रकाशकांनीच सांगितलंय की उमेदवार निवडायला ती वापरू नये. तरीही काही ठिकाणी ती वापरतात. तिथून नकार आला तर तो मनाला लावून घेऊ नकोस. दोन्हीकडे पुढे न बोलावण्याचं कारण चाचणीच होती हेही नक्की नाही. त्याच टप्प्यावर अर्जदारांची संख्या कमी करण्यासाठी इतर निकषही लावलेले असू शकतात.

दिसण्याची, वाचनाची किंवा एकाग्रतेची काही अडचण असेल तर चाचणीची लिंक उघडण्याआधी मेल करून जादा वेळ किंवा वेगळी सोय माग. रंग ओळखण्यावर किंवा वेगावर बेतलेल्या खेळवजा चाचण्यांत हे विशेष महत्त्वाचं, कारण एकदा सुरू झालेली चाचणी बहुधा थांबवता येत नाही. संगणकावरून, स्थिर इंटरनेटवर आणि ताजंतवानं असताना दे. दिवसभर फॉर्म भरून वैतागल्यावर रात्री दिलेल्या चाचणीत तो वैतागच उतरतो.

दुसऱ्या ईमेलने तीच चाचणी पुन्हा देण्याचा विचार सोडून दे. यंत्रणा फोन नंबर, नाव आणि सीव्हीतला मजकूर जुळवून तोच उमेदवार ओळखू शकते, आणि मग नोंद लबाडीची होते. पुष्कळ कंपन्यांत पुन्हा अर्ज करण्याआधी ठरावीक काळ थांबावं लागतं. हा काळ त्यांच्या करिअर पानावर किंवा नकाराच्या मेलच्या तळाशी लिहिलेला असतो. नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन विचार. सोबत हेही विचार की दुसऱ्या पदासाठी अर्ज केला तर जुनाच निकाल धरतात की नवी चाचणी घेतात. जुना निकाल धरत असतील, तरी वेगळ्या पदाचे निकष वेगळे असू शकतात. चाचणी झालेल्या त्या दोन अर्जांत तू ग्राहकांशी बोलण्याची पदं घेतली असशील आणि तुझा कल शांतपणे आकडे जुळवण्याकडे असेल, तर त्याच कंपनीच्या लेखा विभागातली जागा शोध आणि तिथे मूळ ईमेलनेच अर्ज कर.